वाळवंटात एकट्यानं मौनात राहायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: दहा दिवसांचं मौन शिबिर झालेलं आहे, रोजची ध्यानाची बैठक अंगवळणी पडली आहे. आता पाच-सहा दिवस वाळवंटात एकट्यानं राहायचं आहे, जमलं तर उपवास करून. पाणी किती न्यायचं, सुरक्षिततेचं काय, रात्री भीती वाटली तर काय आणि दिवसभर करायचं काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. लोक बाकीच्या गोष्टींची बऱ्यापैकी तयारी करून जातात आणि अडकतात ते इथे.

शिबिरात पहाटे घंटा वाजते, जेवणाची वेळ ठरलेली असते, आजूबाजूला माणसं बसलेली असतात. तुम्ही बोलत नसता, पण तुमचा दिवस दुसऱ्याच कुणीतरी आखलेला असतो. वाळवंटात तो तुम्हालाच आखावा लागतो. पहिला दिवस तंबू लावण्यात, सामान मांडण्यात, इकडंतिकडं बघण्यात जातो. संध्याकाळी आकाश पाहून आलो ते बरं झालं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी पहाटेची बैठकही छान होते. मग दहा-साडेदहा वाजतात. सावली आखडत जाते, बाहेर पडायची सोय नसते, आणि बराच वेळ गेला असेल म्हणून घड्याळ बघावं तर मघापासून बारा मिनिटं झालेली असतात.

ही तक्रार फार जुनी आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात ख्रिस्ती तपस्वी राहत. त्यांच्यातला इव्हाग्रियस हा कॉन्स्टँटिनोपलसारखी राजधानी सोडून तिथे आलेला विद्वान. 399 साली तिथेच वारला. साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची त्यानं यादी केली आणि त्यात सगळ्यांत जड म्हणून या दुपारच्या मरगळीला धरलं. त्यानं वेळसुद्धा दिली आहे: आजच्या हिशेबानं सकाळी दहाच्या सुमारास सुरू होते आणि दोनपर्यंत पिच्छा सोडत नाही. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो, आणि तीनच्या जेवणाला किती अवकाश आहे हे बघायला माणूस सारखा खिडकीशी जातो. मग जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं, आपली कुणाला पर्वा नाही असं वाटायला लागतं, घरचे आठवतात, आणि दुसरीकडे कुठेतरी गेलो तर जास्त बरं जमेल हे पटायला लागतं.

आज हेच सगळं वेगळ्या वेशात येतं. गाडीची बॅटरी उतरली नाही ना, जरा बघून येऊ. त्या पलीकडच्या टेकडीमागे सावली जास्त असेल. घरी काही झालं असलं तर? सहा दिवस कशाला, तीन दिवसांत जे मिळायचं ते मिळालंच की. यातला एकही विचार वेडगळ वाटत नाही. सगळे अगदी जबाबदार, समंजस माणसाचे वाटतात, आणि म्हणूनच माणूस त्यांच्यामागे उठून जातो. भर दुपारी ‘जरा बघून येऊ’ म्हणून निघणं ही साधनेतली चलबिचल तर आहेच, पण उन्हात वाट चुकून जीव जाण्याची सुरुवातही अशीच होते. म्हणून माझ्या सगळ्या तयारीमागे एकच नियम आहे: जे ठरवायचं ते निघण्याआधी घरी बसून ठरवायचं, कागदावर लिहून न्यायचं, आणि तिथे पोचल्यावर सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात नवीन काहीही ठरवायचं नाही. परत यायचं मनात आलं तरी चार वाजता, पाणी पिऊन, सावलीत बसून त्याचा विचार करायचा. प्रकृती बिघडली तर अर्थात हा नियम लागू नाही. त्याचं पुढे सांगतो.

कंटाळ्यावर त्या तपस्व्यांचा उपाय साधा होता: हाताला काम. अँटनी या त्यांच्यातल्या सगळ्यांत प्रसिद्ध माणसाची गोष्ट सांगतात. असाच वैतागून गेलेला असताना त्याला आपल्यासारखाच एक जण दिसला. तो बसून दोरी वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता, मग पुन्हा बसून दोरी वळत होता. खजुराच्या पानांच्या टोपल्या आणि दोऱ्या वळणं हे त्यांचं पोटापाण्याचंच काम होतं, पण दुपार निभावून न्यायला त्याचा उपयोग त्याहून मोठा. तुम्हीही काहीतरी न्या. जाड सुताची दोरी वळणं, माळ ओवणं, जुन्या कपड्याला हातशिलाई, काहीही चालेल. त्यात डोकं लागता कामा नये आणि ते लवकर संपता कामा नये. लाकूड कोरायचं काम मात्र नको. एकटं असताना सुरी हाताला लागली तर निस्तरताना नाकी नऊ येतात.

दिवसाची आखणी ढोबळ ठेवा पण ठेवाच. पहाटे उजाडायच्या आधी मोठी बैठक, मग उन्हं तापेपर्यंत पाय मोकळे करणं आणि सगळी अंगमेहनतीची कामं. दहा ते चार सावलीत: बैठक, हातकाम, थोडी झोप, पुन्हा तेच. संध्याकाळी फिरणं, जेवण, रात्रीची बैठक. नवं पुस्तक नेऊ नका. ते दीड दिवसात संपवाल आणि उरलेले दिवस त्याच्याशी मनातल्या मनात वाद घालत बसाल. पाठ असलेलं एखादं स्तोत्र किंवा चार ओळी पुरतात. वही आणि पेन्सिल न्या, पण लिहिण्याची वेळ ठरवून घ्या, नाहीतर साधनेऐवजी साधनेचं वर्णनच होत राहतं.

आता जागा. पहिल्यांदा जाणाऱ्यानं लांबची, दुर्गम जागा शोधू नये. गाडी जिथवर जाते तिथून चालत अर्ध्या तासाच्या आत असलेली, पण रस्ता दिसत नाही आणि ऐकू येत नाही अशी जागा पुरेशी एकांताची असते. संरक्षित क्षेत्र असेल तर मुक्कामाची परवानगी आधी घ्या. शोध घ्यायची वेळ आली तर तुमची नोंद परवानगी देणाऱ्यांकडे असते. कोरड्या नदीच्या पात्रात किंवा ओहोळात तंबू लावू नका, मग तिथली वाळू कितीही मऊ आणि सपाट असो. पाऊस कित्येक किलोमीटरवरच्या डोंगरात पडतो, तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतं, आणि पाण्याचा लोंढा पात्रातून येतो. कड्याच्या अगदी पायथ्याशीही नको. खाली पडलेले ताजे दगड दिसले तर वरून आणखी येणार हे धरून चाला.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे हद्द ठरवणं. मी एक झुडूप, एक मोठा दगड, एक चढ अशा चार खुणा निवडतो आणि त्यांच्या आतच राहतो. दोनशे-तीनशे पावलांचा टापू सहा दिवसांना पुरतो, उरतो. तिसऱ्या दिवशी त्याच झुडपाखाली मुंग्यांची रांग कुठून कुठं जाते आणि कोणत्या वेळेला थांबते हे दिसू लागतं; रोज नवा डोंगर चढणाऱ्याला ते दिसत नाही. काही वाळवंटांत जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा असतो. तो सूक्ष्म जिवाणू, शेवाळ आणि दगडफुलांचा जिवंत थर असतो, माती धरून ठेवतो, आणि एका पावलानं मोडला तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. खडकावरून, वाळूवरून किंवा मळलेल्या वाटेनंच चाला.

रात्री लघवीला जातानासुद्धा हेडलॅम्प डोक्यावर आणि शिट्टी गळ्यात हवी. हसू येईल, पण तंबूपासून पन्नास पावलांवर गेलेल्या माणसाला काळोखात तंबू सापडत नाही, हे अगदी सहज घडतं. तंबूच्या दोरीला चमकणारी पट्टी बांधा. शौचासाठी पाण्याच्या जागेपासून निदान साठ मीटर लांब, पंधरा-वीस सेंटीमीटर खोल खड्डा करा. कागद पुरू नका, पिशवीत घालून परत आणा. कोरड्या हवेत तो कुजत नाही.

एकांताबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. कुणालाही न सांगता गायब होण्यात काही खास पुण्य नाही. अँटनी एका पडक्या किल्ल्यात सुमारे वीस वर्षं कोंडून घेऊन राहिला, पण वर्षातून दोनदा त्याला भाकरी पोचत होत्या; म्हणजे तो कुठे आहे हे माणसांना ठाऊक होतं. इव्हाग्रियस राहत होता त्या केलिया नावाच्या वस्तीत झोपड्या एकमेकींपासून पुरेशा अंतरावर होत्या, तरी शनिवार-रविवार सगळे एकत्र येत. कुणी आलं नाही तर आजारी असेल म्हणून बघायला जात.

त्याची आजची सोय दोन प्रकारे करता येते. ओळखीचा कुणी त्याच टापूत, हाकेच्या पलीकडे राहणार असेल तर मधल्या जागी दगडांची एक रास ठरवा. एकानं सकाळी येऊन एक दगड ठेवायचा, दुसऱ्यानं संध्याकाळी. भेट होत नाही, बोलणं होत नाही, पण दगड वाढला नाही की दुसरा ताबडतोब शोधायला निघतो. वाळवंटात उपवास-एकांताला बसणाऱ्या गटांत ही पद्धत रुळलेली आहे आणि तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. पूर्ण एकटे असाल तर सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं छोटं यंत्र, घ्या. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक ठरलेला संदेश घरच्या एकाच माणसाला पाठवायचा. त्यानं उत्तर द्यायचं नाही, कारण उत्तर आलं की तुम्ही वाचणार आणि मग रात्रभर त्याचा अर्थ लावत बसणार. त्या माणसाच्या हातात लेखी द्या: जागेचे अक्षांश-रेखांश, गाडीचा नंबर, संदेश आला नाही तर दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत थांबायचं आणि नंतर कुणाला फोन करायचा. ‘काळजी वाटली तर बघ’ असं मोघम सांगितलंत तर तो बिचारा संकोचानं दिवस घालवेल.

पाण्याचा हिशेब सोपा आहे पण लोकांना पटत नाही. दिवसाला माणशी चार लिटर हे फक्त पिण्याचं किमान प्रमाण धरा. सहा दिवसांचे चोवीस लिटर. स्वयंपाक आणि तोंड-हात धुण्यासाठी रोजचा एक, म्हणजे तीस. दोन दिवस अडकून पडलात तर म्हणून आणखी दहा. चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. पाठीवर हे वजन जात नाही, म्हणूनच जागा गाडीपासून जवळ हवी. एकच मोठा कॅन नेऊ नका. पाच-पाच लिटरचे आठ घ्या आणि दोन-तीन ठिकाणी सावलीत ठेवा. एक फुटला तर पाच लिटर जातील, सगळं जाणार नाही.

पाणी राखून ठेवू नका. तहान लागली की प्या. उरलेलं पाणी कॅनमध्ये असण्यापेक्षा पोटात असलेलं बरं. कोरड्या हवेत घाम आल्याआल्या उडून जातो, अंग ओलं होत नाही, त्यामुळे आपण किती पाणी गमावतोय याचा अंदाजच येत नाही. लघवीचा रंग बघत जा: फिकट पिवळा ठीक, गडद झाला तर पाणी कमी पडतंय. उलट टोकही आहे. नुसतं पाणी ढोसत राहिलात आणि खाणं-मीठ नसेल तर रक्तातलं सोडियम खाली जातं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळ अशी जवळजवळ पाणी कमी पडल्यासारखीच लक्षणं दिसतात. ओआरएसची पाकिटं न्या आणि घोट घोट पीत जा.

एकटं असताना खरी अडचण अशी की डोकं गोंधळलं आहे हे त्याच डोक्याला कळत नाही. त्यासाठी मी रोज सकाळी आणि दुपारी वहीत एक ओळ लिहितो: तारीख, वार, किती लिटर प्यालो, किती उरलं. ही वजाबाकी चुकली किंवा वार आठवेना, की बाकी सगळं बंद: सावलीत आडवं व्हायचं, कपडे ओले करून वारा घ्यायचा, ओआरएस प्यायचं. तासाभरात डोकं ताळ्यावर आलं नाही तर मेसेंजरचं एसओएस बटण दाबायचं. उलट्या व्हायला लागल्या, चालताना तोल जायला लागला किंवा बोलताना शब्द सापडेना, तर तासभरही थांबायचं नाही. उष्माघातात शरीराचं आतलं तापमान चाळीस अंशांवर जातं आणि तो एकट्यानं बरा करायचा आजार नाही.

सावली बरोबर न्यायची असते. दोन ताडपत्र्या एकमेकींवर हातभर अंतर ठेवून ताणा. मधून हवा खेळते आणि खालची फारशी तापत नाही. उन्हातली जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, म्हणून थेट जमिनीवर न बसता दुमडती खुर्ची किंवा उंच खाट असेल तर फार फरक पडतो. आणि याच जागी पहाटे दात वाजतात. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यामुळे दिवसाची ऊब रात्री झपाट्यानं निघून जाते. दिवस-रात्रीत पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. उबदार स्लीपिंग बॅग आणि कानटोपी हवीच. ऐन उन्हाळ्यात तर जाऊच नका.

साप-विंचवांचं थोडक्यात: बूट झटकल्याशिवाय घालू नका, दिसत नाही तिथे हात घालू नका, रात्री अनवाणी फिरू नका. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट-निळे चमकतात; तसला छोटा टॉर्च मिळतो, झोपण्याआधी अंथरुणाभोवती एकदा फिरवा.

भीती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या रात्री येते. वाळवंटातले बरेच प्राणी रात्रीच बाहेर पडतात, त्यामुळे खुडखुड असतेच, आणि इतक्या शांततेत एखाद्या उंदराच्या पावलांचाही बाऊ होतो. आपल्याच कानातली नाडी ऐकू येते. मी आवाज आला की एकदा उठून टॉर्च मारून नीट बघतो. पुन्हा आला तर बघत नाही. बघत बसलं की रात्र पहाऱ्यात जाते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी हळवं होतं. झोप सलग दोन रात्री लागली नाही तर आटोपतं घ्या. जागरणात माणसाला आवाज ऐकू येतात, आकृती दिसतात, आणि त्याला अनुभूती समजण्याची घाई होते. पहिल्यांदा जाताना शुद्ध अष्टमीच्या आसपास निघा. रोज वाढत जाणारा चंद्र रात्रीच्या पहिल्या प्रहरात सोबत करतो.

उपवासाचं माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला नको. उपवासात चक्कर येते, उभं राहताना रक्तदाब पडतो, थंडी जास्त वाजते, आणि यातलं उपवासामुळे काय आणि उन्हामुळे काय हे ओळखता येत नाही. एक वेळ साधं, खारट, न शिजवता खाता येईल असं खा. मधुमेह, रक्तदाबाची औषधं किंवा गरोदरपण असेल तर उपवासाचा विषयच काढू नका. तसंच जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल, नैराश्याचे उपचार चालू असतील, किंवा पूर्वी कधी भास, उन्माद असं काही झालं असेल, तर एकट्यानं जाऊ नका. अनुभवी सोबत्याबरोबर, दगडांच्या राशीच्या अंतरावर राहता येतं. तिथे दबून राहिलेलं सगळं वर येतं आणि बोलायला कुणी नसतं. निरोगी माणसालाही तिसऱ्या-चौथ्या दिवशी अचानक रडू फुटतं, वीस वर्षांपूर्वीचा अपमान जसाच्या तसा आठवतो. त्याचं काही करायचं नसतं. दोरी वळत राहा, पाणी प्या, बैठकीची वेळ झाली की बसा.

जायच्या आधी एक रंगीत तालीम करा. याच सगळ्या सामानानिशी, फोन बंद करून, घराजवळच्या एखाद्या मोकळ्या पण सुरक्षित जागी दोन रात्री काढा. ताडपत्री वाऱ्यात टिकते का, चार लिटर पाणी खरंच पिऊन होतं का, दुपारी आपण कोणकोणत्या सबबी काढतो, हे सगळं तिथे कळतं.

परतताना लगेच लांबचं ड्रायव्हिंग करू नका. पहिली रात्र जवळच्या वस्तीत काढा, नीट जेवा, झोपा. पहिला फोन त्या ठरलेल्या माणसाला, बाकीचे संदेश दुसऱ्या दिवशी. घरच्यांना सांगून ठेवा की दोन दिवस मी जरा कमी बोलेन, रागावलेलो नाही. आणि तिथे बसून काही मोठं ठरवलं असेल, नोकरी सोडायची, घर बदलायचं, कुणाशी संबंध तोडायचा, तर ते वहीत लिहून महिनाभर बाजूला ठेवा. महिन्यानंतर, पोट भरलेलं आणि झोप झालेली असतानाही तेच वाटलं, तर खुशाल करा.